पायाची न भरणारी जखम : मलम नव्हे, दाबपट्टी

(नवी मुंबईत भात व भाजीपाला उत्पादकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



खरिपाची तयारी करताना आपण बियाणे मोजतो, खते मोजतो, मजुरांची जुळवाजुळव करतो. ज्या पायांवर उभे राहून हे सारे करायचे त्या पायांची चौकशी मात्र कोणी करीत नाही. मी कृषिविद्या विषयाची अध्यापिका आहे, डॉक्टर नव्हे. परंतु शिवारफेरीच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना एक गोष्ट वारंवार दिसते. पोटरीवर दोरीसारख्या पिळवटलेल्या शिरा, घोट्याभोवती काळपट डाग आणि घोट्याच्या आतल्या बाजूस वर्षानुवर्षे न भरणारी जखम. विचारले तर उत्तर मिळते, “काही नाही मॅडम, जुनं दुखणं आहे. मलम लावतो.” या जुन्या दुखण्याविषयी मी आज बोलणार आहे. यातील वैद्यकीय माहिती तज्ज्ञ डॉक्टरांकडून समजून घेतलेली आहे.

एकच गोष्ट आपण येथून लक्षात ठेवून जावी. ही जखम म्हणजे मूळ रोग नव्हे. मूळ रोग आहे पायात तुंबलेल्या रक्ताचा दाब. तो दाब जोपर्यंत कमी होत नाही, तोपर्यंत कितीही मलमे बदलली तरी जखम भरणे कठीण. आणि दाब कमी करण्याचा मुख्य उपाय म्हणजे योग्य रीतीने बांधलेली दाबपट्टी.

शिरांतील उघाड्या

ज्या भूमीवर आपण आज जमलो आहोत तिचेच उदाहरण घेऊ. नवी मुंबई ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिली. यांतील बराच भाग मिठागरांचा आणि खारबंदिस्तीतील भातशेतीचा होता. खारभूमीत शेती करणाऱ्यांना बाहेरकाठा आणि उघाडी यांचे महत्त्व सांगावयास नको. ओहोटीला उघाडीची झडप बाहेर उघडते आणि शेतातील पावसाचे पाणी खाडीत जाते. भरती आली की झडप मिटते आणि खारे पाणी आत येत नाही. पाणी जाईल ते एकाच दिशेने.

आपल्या पायांतील शिरांत अशाच लहान लहान झडपा असतात. इटलीतील पदुआ येथील शरीरशास्त्राचे अध्यापक फॅब्रिसियस यांनी १६०३ साली त्यांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांना ‘लहान दारे’ असेच नाव दिले. त्यांचे विद्यार्थी विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धांत मांडला. शिरांतील या दारांमुळे रक्त हृदयाकडेच जाते, मागे फिरत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

आता थोडा हिशेब करू. पंप बसविताना आपण ‘हेड’ पाहतो, म्हणजे पाणी किती उंच चढवायचे ते. हृदयापासून घोट्यापर्यंतच्या उंचीमुळे स्थिर उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत सुमारे ८० ते ९० मि.मी. पाऱ्याइतका दाब असतो. रक्तदाब मोजताना आपण १२०-८० म्हणतो, तेच हे माप. मग रक्त वर चढते कसे? चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. स्नायू सैल पडले की झडपा मिटतात, त्यामुळे रक्त खाली येत नाही. म्हणजे पोटरी हा पंप आणि झडपा हे त्याचे फूट व्हॉल्व्ह. निरोगी माणूस चालू लागला की घोट्याजवळचा दाब २० ते ३० मि.मी. पर्यंत उतरतो.

झडपा निकामी झाल्या तर काय होईल? फूट व्हॉल्व्ह गळू लागला की पंप कितीही चालवा, चढलेले पाणी परत विहिरीत. तसेच येथे होते. माणूस चालतो, पण दाब उतरत नाही. शिरा फुगतात, संध्याकाळी पाय सुजतात व जड होतात. रक्तातील द्रव व तांबड्या पेशी कातडीखाली झिरपतात. त्यातील लोहामुळे घोट्याभोवतीची कातडी तांबूस-काळपट होते. तेथे खाज सुटते. पुष्कळ जण त्याला गजकर्ण समजून दुकानातील मलम चोळतात. पुढे कातडी कडक होऊन पाय उलट्या बाटलीसारखा दिसू लागतो. अशा कातडीला भाताचा धसकट लागला, डास चावला किंवा नखाने ओरखडा उठला तरी जखम होते आणि ती भरत नाही.

उघाडी कुजून भरतीचे पाणी शेतात शिरले आणि भात करपू लागला, तर आपण युरिया टाकतो काय? युरियाची गोणी फुकट जाते. आधी उघाडी दुरुस्त करावी लागते, बांध घालावा लागतो. जखमेवरचे मलम म्हणजे खारवटलेल्या शेतातील युरिया होय.

हा त्रास कोणाला होतो?

घराण्यात कोणाला असेल तर पुढच्या पिढीत होण्याची शक्यता अधिक असते. वय, वजन, बायकांत बाळंतपणे आणि पायाच्या शिरेत पूर्वी झालेली रक्ताची गाठ ही इतर कारणे. त्यात तासन्‌तास उभे राहण्याची भर पडते. चिखलात वाकून लावणी करणाऱ्या भगिनी, आंब्याच्या हंगामात प्रतवारी व पेटीभरणी करणारे, रात्री टेम्पोतून पाय लोंबते ठेवून भाजी आणणारे व पहाटेपर्यंत वाशीच्या गाळ्यापुढे उभे राहणारे उत्पादक, तसेच पाठीवर गोणी वाहणारे माथाडी बांधव, या साऱ्यांच्या पायांवर हा भार असतो. कांदा-बटाटा बाजार १९८१ साली वाशीला आला आणि पुढे इतर घाऊक बाजारही आले. तेव्हापासून आपला माल याच माणसांच्या पायांवर उभा आहे. गोणी ५० किलोपेक्षा जड भरू नये, ही विनंती या निमित्ताने करते.

भगिनींना वेगळे सांगते. लुगड्याखाली झाकलेला पाय घरातल्या माणसांनाही दिसत नाही. जखम वाहू लागते, वास येतो, मग बाई चारचौघांत बसणे टाळते. लपवू नका. हा रोग लाजेचा नाही आणि स्पर्शाने पसरणाराही नाही.

एक उदाहरण

माझ्या आत्याने तीस पावसाळे लावणी केली. तिच्या डाव्या घोट्यावर रुपयाएवढी जखम झाली, ती चार वर्षांत तळहाताएवढी झाली. हळद झाली, कडुलिंबाचा पाला झाला, दुकानातील मलमे झाली, इंजेक्शने झाली. शेवटी शेत अर्धेलीने द्यावे लागले. पुढे एका शल्यचिकित्सकांनी पायाची नाडी यंत्राने तपासून दाबपट्टी सुरू केली. दर आठवड्याला पट्टी बदलली जाई. साडेचार महिन्यांत जखम भरली. औषध म्हणावे तर स्वच्छ पाणी, साधे ड्रेसिंग आणि पट्टी, एवढेच.

गोष्ट येथे संपत नाही. जखम भरली म्हणून तिने वैशाखाच्या उकाड्यात दाबमोजे काढून ठेवले. भाद्रपदात त्याच जागी जखम पुन्हा फुटली. पट्टीने दाब आवरतो, पण बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही. बांध काढला की भरती आत येणारच. आता ती रोज सकाळी चहाच्या आधी मोजे चढविते.

पट्टी बांधण्यापूर्वी हे पाहावे

दाबपट्टी हे औषधच आहे आणि ते चुकीच्या पायाला दिले तर पाय गमावण्याची वेळ येते. काही जणांच्या पायात रक्त आणणाऱ्या धमन्याच अरुंद झालेल्या असतात. बिडी-सिगारेट ओढणारे, मधुमेही आणि वयस्कर यांच्यात हे अधिक आढळते. अशा पायाला बाहेरून आवळले तर उरलेला रक्तपुरवठाही तुटतो. म्हणून पहिली पट्टी बांधण्यापूर्वी डॉक्टरांकडून घोट्याचा व दंडाचा रक्तदाब डॉप्लर यंत्राने मोजून घ्यावा. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागले असता उत्तर ०.८ किंवा अधिक आले, तर सर्वसाधारणपणे पूर्ण दाबाची पट्टी बांधता येते. ०.५ पेक्षा कमी आले, तर दाबपट्टी बांधू नये. मधली संख्या आल्यास निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावा. मधुमेहात धमन्या कडक होऊन हे उत्तर फसवे येऊ शकते, तेव्हा मधुमेहींनी अधिक जपावे.

पुढील लक्षणे असल्यास घरी पट्टी बांधू नये, प्रथम डॉक्टरांना दाखवावे.

१) थोडे चालल्यावर पोटरीत गोळे येतात व थांबल्यावर दुखणे जाते.
२) पाऊल गार पडते, बोटे पांढरी किंवा काळी दिसतात.
३) रात्री पाऊल दुखते व खाटेखाली लोंबते सोडल्यावर बरे वाटते.
४) पायाला बधिरपणा आहे.
५) हृदयविकारामुळे दम लागतो व दोन्ही पाय सुजतात.
६) जखमेभोवती लाली पसरते आहे, ताप आहे.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाऊल व बोटेही जाड होऊन सुजली असतील तर तो हत्तीरोग असू शकतो. त्याची तपासणी वेगळी असते.

पट्टी कशी बांधावी?

पहिल्या वेळी पट्टी प्रशिक्षित परिचारिका किंवा डॉक्टरांकडूनच बांधून घ्यावी आणि घरातील एकाने ती शिकून घ्यावी. पुढील क्रम ध्यानात ठेवावा.

१) सकाळी उठल्याबरोबर, सूज नसताना पट्टी बांधावी. उठून कामाला लागला असाल तर २०-३० मिनिटे पाय उशीवर उंच ठेवून मग बांधावी.

२) जखम उकळून गार केलेल्या पाण्याने धुवावी. शेण, माती, चुना, तंबाखू काहीही लावू नये. जखमेवर न चिकटणारे ड्रेसिंग ठेवावे. भोवतालच्या कोरड्या कातडीला साधे व्हॅसलीन लावावे.

३) नडगीचे हाड, घोट्याची हाडे आणि टाचेमागची शीर यांवर कापसाची घडी ठेवावी. हाडावर पट्टी रुतली तर नवी जखम होते. उलट घोट्यामागच्या खळगीत कापूस भरून ती सपाट करावी, म्हणजे तेथेही दाब पोहोचतो.

४) पाऊल पोटरीशी काटकोनात ठेवावे.

५) सुमारे १० सें.मी. रुंदीची पट्टी घ्यावी. बोटांच्या मुळापासून सुरुवात करून टाच पूर्ण झाकावी आणि गुडघ्याच्या दोन बोटे खाली थांबावे. टाच उघडी ठेवली तर तेथेच सूज साचते.

६) प्रत्येक वेढा मागील वेढ्याचा निम्मा भाग झाकील असा घ्यावा. ताण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा ठेवावा.

७) शेवट चिकटपट्टीने बसवावा. टाचणी वापरू नये.

सहावा मुद्दा महत्त्वाचा आहे. शेताचा बांध पायथ्याशी रुंद व माथ्याशी अरुंद असतो, कारण पाण्याचा दाब तळाशी जास्त. पायातही दाब घोट्याशी जास्त हवा आणि वर कमी होत जावा. मग घोट्याशी अधिक आवळावे काय? तशी गरज नाही. सारख्याच ताणाने दोरी बांबूला गुंडाळली आणि जाड खोडाला गुंडाळली, तर बांबूवर दाब जास्त पडतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लाप्लास यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. घोटा बारीक, पोटरी जाड. त्यामुळे ताण सारखा ठेवला की दाब आपोआप घोट्याशी जास्त व वर कमी होतो. जखम भरण्यासाठी घोट्याशी साधारण ४० मि.मी. पाऱ्याइतका दाब लागतो. पोटरीवर जास्त आवळले तर मात्र उलटे होते. खालचे रक्त कोंडते आणि जखम चिघळते.

साध्या क्रेप पट्टीचा ताण थोड्याच वेळात उतरतो, म्हणून एकट्या क्रेप पट्टीवर अवलंबून राहू नये. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात १९८० च्या दशकात चार थरांची पट्टी विकसित झाली. त्यात कापूस, क्रेप, लवचीक पट्टी व चिकटणारी पट्टी असे थर असतात. अशी पट्टी आठवडाभर ठेवता येते. कमी ताणली जाणारी पट्टीही मिळते. ती चालताना भिंतीसारखी घट्ट राहून पोटरीच्या पंपाला साथ देते व झोपेत कमी आवळते. कोणती निवडावी हे डॉक्टर ठरवितात. घरी बांधलेली लवचीक पट्टी मात्र रात्री झोपताना सोडावी.

बांधल्यावर बोटे पाहावीत. बोटे निळी किंवा पांढरी पडली, मुंग्या आल्या, दुखणे वाढले तर वाट न पाहता पट्टी सोडावी. पट्टी सौम्य साबणाने धुऊन न पिळता सावलीत वाळवावी. ताण गेलेली पट्टी बदलावी.

आपल्याकडे पट्टी बांधणे ही परकी विद्या नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात चौदा प्रकारचे बंध दिले आहेत आणि बंध गाढ, सम की शिथिल असावा, हे शरीराच्या भागाप्रमाणे ठरवून दिले आहे. किती आवळावे याचा विचार तेव्हाही होता.

शिर फुटून रक्त वाहू लागल्यास

फुगलेली शिर कधी कधी शेतातच फुटते व रक्ताची धार लागते. अशा वेळी माणसाला ताबडतोब आडवे झोपवावे, पाय उंच धरावा आणि स्वच्छ कापडाने फुटलेल्या जागेवरच घट्ट दाबावे. वर मांडीला दोरी बांधू नये. त्याने शिरेतील रक्त कोंडून रक्तस्राव वाढतो. धार थांबल्यावरही डॉक्टरांकडे न्यावेच.

शिरेवरील उपचार

पट्टीने जखम भरते, परंतु खराब शिरेवर उपचार केल्यास पुन्हा जखम होण्याचे प्रमाण घटते. आपण प्रक्षेत्रावर दोन वाफ्यांत तुलना करतो, तशी तुलना इंग्लंडमध्ये झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ पट्टी आणि पट्टी अधिक शस्त्रक्रिया या दोन्ही गटांत २४ आठवड्यांत ६५ टक्के जखमा भरल्या. पण वर्षभरात पुन्हा जखम होण्याचे प्रमाण पहिल्या गटात २८ टक्के, तर दुसऱ्या गटात १२ टक्के होते. २०१८ साली ४५० रुग्णांवरील दुसरी चाचणी प्रसिद्ध झाली. पट्टीबरोबर लवकरच शिर आतून बंद करणारा उपचार केलेल्यांपैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. उपचार पुढे ढकललेल्यांत त्याला ८२ दिवस लागले. म्हणून पट्टी सुरू करतानाच शिरांची सोनोग्राफी करून घ्यावी. नवी मुंबईत महानगरपालिकेच्या रुग्णालयात तसेच वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत शल्यचिकित्सा विभागात दाखवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

कामात करावयाचे बदल

लावणी करताना तासाभराने बांधावरून पाच मिनिटे चालावे. गाळ्यावर उभे असताना टाचा उचलून पुन्हा टेकवाव्यात, म्हणजे पोटरीचा पंप चालू राहतो. दुपारी पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडावे. खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा ठेवाव्यात. उघडी जखम घेऊन चिखलात उतरू नये. पावसाळ्यात अशा जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी नेरळ येथील चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राईस टेक्निकचा विचार करावा. त्यात गादीवाफ्यावर भात टोकतात, चिखलणी व लावणी वाचते. आपण त्याचा हिशेब मजुरी आणि जमिनीचा पोत यांत करतो. पायांचा हिशेबही त्यात धरावा.

बंधू-भगिनींनो, खारबंदिस्तीचा नियम असा की बांध फुटण्याची वाट पाहायची नाही, पावसाळ्याआधी फिरून तो पाहून घ्यायचा. आज घरी गेल्यावर उजेडात बसून स्वतःचे आणि घरातील वडीलधाऱ्यांचे पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाहून घ्या. डाग दिसला, शिर फुगलेली दिसली किंवा दोन आठवड्यांहून जुनी जखम दिसली, तर मृगाच्या आधी डॉक्टरांकडे जा. लावणीला अजून अवकाश आहे.